इयत्ता आठवीत चिनी चालू ठेवणेबाबत

जूनमध्ये शाळा उघडली की आठवीच्या मुलांच्या दप्तरातून एक कागद घरी येतो. पूर्ण हिंदी, पूर्ण संस्कृत की संयुक्त, म्हणजे निम्मी हिंदी आणि निम्मं संस्कृत? खाली पालकांची सही. प्रश्न दोन ओळींचा. पण त्या सहीवर दहावीचे शंभर गुण, त्या गुणांवर अकरावी, अकरावीवर पुढचं सगळं, आणि त्या सगळ्यावर नातेवाइकांचं बारीक लक्ष. संस्कृत 'स्कोअरिंग' असतं हे तर ज्यांनी संस्कृतचं पुस्तक कधी उघडलं नाही तेही शपथेवर सांगतात.

अलिबागजवळ चेंढऱ्यातल्या एका घरात मात्र २०२५ च्या जूनमध्ये त्या कागदावर नसलेलाच विषय पेटला. घरातली मुलगी आठवीत गेली होती आणि पाच वर्षं शनिवार-रविवार एकेक तास चिनी भाषा शिकत होती. आता हायस्कूल सुरू झालं. ही शिकवणी चालू ठेवायची की बंद करायची?

बाबा जिल्हा परिषदेत. टिपणीशिवाय कुठलाही प्रश्न सुटतो यावर त्यांचा विश्वास नाही. रविवारी, २९ जूनला, त्यांनी कुटुंबाची सभा लावली आणि पाठकोऱ्या कागदावर विषयपत्रिका काढली. विषय क्रमांक १, मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे. (मागील सभा फ्रिज बदलण्याबाबत होती.) विषय क्रमांक २, संस्कृत. विषय क्रमांक ३, चिनी भाषेची शिकवणी पुढे चालू ठेवणेबाबत. शेवटी, आयत्या वेळी येणारे विषय.

मुळात चिनी या घरात शिरली ती २०२० च्या टाळेबंदीत. त्या मे महिन्यात घरोघर काही ना काही सुरू झालं होतं. कुणाकडे डाल्गोना कॉफी, कुणाकडे गिटार. इथे आत्याच्या ओळखीतून पुण्याच्या एक बाई निघाल्या. वर्षभर बीजिंगला राहून शिकून आलेल्या, मुलांना संगणकावरून चिनी शिकवायला तयार, आणि पहिला महिना फुकट. मराठी घराला एवढं कारण पुरतं. मुलगी तेव्हा तिसरीत जायची होती. बाईंना विद्यार्थी चिनी रीतीने 'लाओशी' म्हणत. घरात त्यांच्या लाओशीबाई झाल्या.

महिना उलटतो न उलटतो तोच गलवानच्या खोऱ्यात वीस भारतीय जवान शहीद झाले. घरात दोन दिवस टीव्हीसमोर कुणी फारसं बोललं नाही. २९ जूनला केंद्र सरकारने टिकटॉक, कॅमस्कॅनर धरून ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली, आणि बाबांनी त्याच रात्री दोन्ही काढून टाकली. मग त्यांच्या लक्षात आलं की ज्या मोबाइलवरून काढली तो रेडमीचा आहे, आणि आतल्या खोलीत मुलगी मोठ्याने आकडे घोकते आहे: यी, अर, सान. शिकवणी बंद करायची का, ही चर्चा पहिल्यांदा त्या रात्री झाली. पण फुकटचा महिना संपून तीन महिन्यांची फी आगाऊ भरली होती. बाबांनी राष्ट्रहिताची बाजू मांडली, आईने फीची. फी जिंकली.

बरोबर पाच वर्षांनी, त्याच तारखेला, ही दुसरी फेरी.

सभेला अध्यक्ष बाबा. खर्चाला मंजुरी द्यायचे अधिकार आईकडे. आजी सर्वांत ज्येष्ठ, त्यामुळे मध्येच बोलण्याची मुभा. उरणचे काका प्रत्यक्ष हजर, पुण्याचा मामा आणि सिंगापूरची आत्या मोबाइलवर. चौथीतला धाकटा भाऊ प्रेक्षक. मुलगी निमंत्रित, मताधिकार नाही.

विषय दोन झटकन संपला. आजीचं माहेर रोह्याचं. रोह्याला शिकलेले चिंतामणराव देशमुख १९१२ साली मॅट्रिकला पहिले आले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली, पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि मेघदूत मराठीत आणलं. हे आजी दर जूनमध्ये सांगते, मूल कितवीतही असो. संस्कृत आणि रिझर्व्ह बँक यांचा नेमका संबंध काय, असं एकदा धाकट्याने विचारलं होतं. त्याला त्या दिवशी दुसऱ्यांदा आमरस मिळाला नाही. पूर्ण संस्कृत, एकमताने मंजूर.

विषय तीनला काकांनी तोंड फोडलं. ते उरणला कंटेनर साठवण्याच्या एका गोदामात सुपरवायझर आहेत. न्हावा-शेव्याचं बंदर १९८९ साली सुरू झालं. तेव्हापासून उरणच्या किती घरांत भात जाऊन कंटेनर आला. "दिवसभर माझ्यासमोरून काय जातं? चिनी कंपनीचे कंटेनर. कॉस्को, कॉस्को, कॉस्को," काका म्हणाले. "२०२४-२५ मध्ये चीनहून देशात ११३ अब्ज डॉलरचा माल आला. एवढा माल येतोय तर भाषा येणारं माणूस नको?"

"आणि आपला तिकडे किती गेला?" बाबांनी विचारलं.

"चौदा अब्ज."

"मग झालं तर. विकणारा गिऱ्हाइकाची भाषा शिकतो. गिऱ्हाईक आपण. त्यांनी मराठी शिकावी."

हे बिनतोड होतं. काकांनी चहा मागितला.

बाबांचा दुसरा मुद्दा धोरणाचा. २०१९ च्या शैक्षणिक धोरणाच्या मसुद्यात शाळेत शिकवायच्या परदेशी भाषांमध्ये फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, जपानीबरोबर चिनीचंही नाव होतं. जुलै २०२० मध्ये पक्कं धोरण आलं त्यातून चिनी गळाली. कोरियन, थाई, पोर्तुगीज, रशियन आत आल्या. "शासनाने वगळलेल्या बाबीवर खर्च टाकता येत नाही," बाबा म्हणाले. ऑडिटचं भय त्यांनी घरापर्यंत आणलं आहे.

मामाने जर्मनचं घोडं पुढे दामटलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेनबर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवण्याचा करार केला. पहिल्या टप्प्यात दहा हजार तरुण, आणि त्यांना जर्मन शिकवायची सोय सरकारच करणार. "तिथे नर्स पाहिजेत, इलेक्ट्रिशियन पाहिजेत, ड्रायव्हर पाहिजेत. चीनला तुमच्याकडून काय पाहिजे?" मामाने आकडेही काढले होते. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजी बोलणाऱ्याला कामापुरती जर्मन यायला सुमारे नऊशे तास धरते आणि चिनीला बावीसशे.

बाबांनी लगेच कॅल्क्युलेटर घेतला. आठवड्याला दोन तास, सणवार सोडून वर्षाला शंभर. बावीसशेला बावीस वर्षं. पाच झाली, सतरा उरली. मुलगी तेरा वर्षांची. "म्हणजे हिला तिसाव्या वर्षी चिनी येणार," बाबांनी जाहीर केलं, आणि शिकवणी आपणच लावली होती हे विसरून सगळे मुलीकडे रागाने पाहू लागले.

मुलगी एचएसके या चिनी सरकारच्या परीक्षेची दुसरी पायरी पास आहे, हे आईने पुढे आणलं. दुसऱ्या पायरीला तीनशे शब्द, तिसरीला सहाशे.

"पाच वर्षांत तीनशे? वर्षाला साठ?" आजी म्हणाली. "एवढे तर मी मासळीबाजारात एका पापलेटवर खर्च करते."

आत्याची बाजू निराळी. सिंगापूरमध्ये १९६६ पासून माध्यमिक शाळेत दुसरी भाषा सक्तीची आहे. इंग्रजी सगळ्यांना आणि शिवाय ज्याची त्याची 'मातृभाषा'. पण मातृभाषा सरकारी यादीतली हवी: चिनी, मलाय, तमिळ, भारतीय मुलांना हिंदी, गुजराती, बंगाली, पंजाबी, उर्दूही चालतात. यादीत मराठी नाही. त्यामुळे आत्याच्या मुलाची मातृभाषा कागदोपत्री हिंदी आहे, आणि तिची शिकवणी लावावी लागते. आईची भाषा आई घरी फुकट शिकवते, तिला गुण नाहीत. चिनी घरांतही तेच रडगाणं. घरात मुलं इंग्रजी बोलतात, आणि शाळेतली चिनी सुटू नये म्हणून आईबाप शिकवण्यांवर पैसे ओततात. वरच्या पातळीची चिनी घेतली तर ज्युनियर कॉलेजच्या प्रवेशाला दोन गुणांची सवलत, म्हणून ती चालू ठेवावी की सोडावी यावर तिथेही जेवणाच्या टेबलावर रात्री जागतात.

"आणि ऐका," आत्या म्हणाली, "ली कुआन यू! एवढा मोठा पंतप्रधान, स्वतः चिनी वंशाचा, पण घरात इंग्रजी. मँडरिन तो मोठेपणी शिकला आणि ऐंशी ओलांडली तरी शिकवणी लावून बसायचा."

"मग हिला आताच एवढी घाई कसली?" आजी म्हणाली. आत्याचा मुद्दा तिच्याच अंगावर उलटला आणि मोबाइलचं नेटवर्क सोयीस्करपणे गेलं.

इतक्यात बाहेरच्या खोलीतून टीव्हीचा आवाज चढला. पहिलीपासून हिंदी आणणारे एप्रिल आणि जूनचे दोन्ही शासन निर्णय मुख्यमंत्र्यांनी मागे घेतले होते; नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. बाबा उठून उभे राहिले. "बघा. सरकारला कळेना लहान मुलाला किती भाषा शिकवाव्यात. आपण तरी समिती नेमल्याशिवाय निर्णय कसा घ्यावा?" सभा तहकूब.

तहकूब होण्याआधी काकांनी मुलीला विचारलं होतं, "तुला काय वाटतं गं?" ती म्हणाली, "मला आवडतं." बाबा थोडा वेळ पेन धरून थांबले. आवडण्याला इतिवृत्तात रकाना नव्हता.

परक्या भाषांवर एवढं बोलणं होऊनही या सभेत रेवदंड्याचं नाव कुणी काढलं नाही, आणि ते घरापासून तासाभराच्या आत आहे. अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी १४६९ च्या सुमाराला शेजारच्या चौलच्या बंदरात उतरला. रेवदंड्याच्या शाळेच्या आवारात त्याचं स्मारक आहे. त्याच्याजवळ विकायला एक घोडा होता, आणि तो घोडा पुढे जुन्नरच्या सुभेदाराने धरून ठेवला. शिकवणी नाही, शब्दकोश नाही. तरी निकितीनच्या रोजनिशीत रशियनच्या मध्येच तुर्की, फारसी, अरबीची खिचडी वाहते. काही चावट तपशील त्याने मुद्दाम त्या खिचडीत लिहून ठेवले, म्हणजे गावाकडच्या मंडळींना कळू नयेत. आठवीतल्या मुलांनी ही युक्ती आपापली शोधली आहेच.

खाडीपलीकडे कोर्लई. पोर्तुगीज चौलमधून १७४० ला गेले. त्यांची भाषा कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत राहिली, मराठीशी संसार करून. साधारण हजारेक माणसं आजही ती घरात बोलतात. मुलं शाळेत मराठी शिकतात आणि घरी येऊन ती बोलतात. ना फी, ना पायऱ्या, ना प्रमाणपत्र. केंद्राच्या धोरणात पोर्तुगीज आली ही बातमी या वस्तीपर्यंत कुणी आणली असेल असं वाटत नाही.

आणि मराठी माणसं चिनी शिकलीच नाहीत असंही नाही. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातले पु. वि. बापट चिनी शिकले, कारण पालीतल्या विसुद्धिमग्गाच्या जोडीला ठेवायचा विमुत्तिमग्ग मुळातून हरवला होता आणि पूर्ण असा फक्त चिनी भाषांतरात उरला होता. दोहोंची तुलना त्यांनी १९३७ साली छापली. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि तिथेच चिनी शिकले. जखमी सैनिक मराठीत कण्हत नव्हते. डिसेंबर १९४२ मध्ये अवघ्या बत्तिसाव्या वर्षी ते तिथेच गेले. वसंत परांजपे १९४७ साली पेकिंगला शिकायला गेले आणि १९५४ मध्ये नेहरू-माओ भेटीत दुभाषे म्हणून मध्ये बसले. एकाला ग्रंथ हवा होता, एकाला रोगी तपासायचे होते, एकाला दोन नेत्यांमधला संवाद चालवायचा होता. यांपैकी कुणालाही आठवीत युनिट टेस्ट नव्हती.

चेंढऱ्याच्या मुलीपाशी ग्रंथ नव्हता, रोगी नव्हता. तिच्यापाशी गणिताची मोठ्या चौकटींची वही होती. एका चौकटीत एक अक्षर, ओळीत दहा, पानावर दीडशे. कुठली रेघ आधी, कुठली नंतर हे ठरलेलं; आडवी रेघ उभीच्या आधी, डावीकडची उजवीकडच्या आधी. क्रम चुकला तर अक्षर तेच दिसतं, पण लाओशीबाईंना संगणकाच्या पडद्यातून कळतं. चढ-उताराचे स्वर शिकताना ती हाताने हवेत रेघा ओढते: सरळ, चढती, खाली जाऊन वर, एकदम खाली. समोरच्या वहिनींनी आईला विचारलं होतं, पोरीला नजर लागली आहे का.

आणि मग जुलैच्या मध्यावर थळहून आजीची कोळीण आली. जून-जुलै मासेमारी बंद. टोपलीत सुके बोंबील, सोडे, जवळा. "आजी, तुमची नात चिनी शिकतंय ना?" ती म्हणाली. "आमचे मानसान बोटीवर नवीन मशीन बसवलाय. मासली दाखवनारा. पन सगला चिनीन हाय. काय समजत नाय."

आजी नातीला घेऊन थळला गेली. किनाऱ्यावर होड्या वर ओढून ठेवलेल्या, समोर धुरकट खांदेरी-उंदेरी. कोळणीच्या नवऱ्याच्या, म्हणजे नाखव्याच्या, केबिनमध्ये फिश फाइंडर, तळहाताएवढा पडदा, आणि पडद्यावर चिनी अक्षरांची रांग. मशीन मुंबईहून स्वस्तात आणलेलं, माहितीपत्रकही चिनी. नाखव्याच्या मुलाने मोबाइलचा कॅमेरा धरून भाषांतर करून पाहिलं होतं, पण उजेडाच्या तिरपेने पडद्यावर इंग्रजी शब्द येत होते आणि विरत होते, दर खेपेला वेगळे. त्याने एक बटण दाबलं होतं, आणि तेव्हापासून मशीन जमिनीवर पाणी दाखवत होतं.

मुलगी खाली बसली. तीनशे शब्दांत मासेमारीचं काही नव्हतं. 'पाणी' मात्र तिला ओळखू आलं. ते सहा ठिकाणी होतं, त्यामुळे निरुपयोगी. ती एकेक ओळ खाली सरकत गेली. आठव्या ओळीत दोन अक्षरं दिसली. त्यांतलं दुसरं कळेना, पण पहिलं नऊ रेघांचं अक्षर तिच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर होतं, चौकटींच्या वहीत पानंच्या पानं गिरवलेलं होतं. भाषेशी संबंधित काहीतरी आहे एवढं नक्की. तिने ती ओळ दाबली. दोन पर्याय उघडले, दुसरा इंग्रजी. पडदा क्षणभर काळा झाला आणि 'डेप्थ', 'टेम्परेचर' असं सगळं मुकाट्याने समोर आलं. नाखवा म्हणाला, "आयला." नाखव्याच्या मुलाने आपलं बटण परत दाबून पाहिलं, कोळणीने त्याच्या हातावर चापट मारली.

तेवढ्यात जवळच्या होडीतून दुसरा नाखवा आला. त्याच्याकडे रेडिओ होता. तिसऱ्याकडे बॅटरीचा चार्जर. मुलीला चार्जरवरचं काही वाचता आलं नाही, पण "धोका" असावा असं तिने सांगितलं आणि त्यांनी ते आदराने मानलं. परतताना रिक्षात आजीच्या मांडीवर पाव किलो सोडे होते आणि नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या पापलेटचा शब्द.

तहकूब सभा पुढच्या रविवारी भरली. आजीने पहिल्याच वाक्यात बाजू बदलली. तिच्या मते चिनी ही अत्यंत उपयुक्त भाषा असून ती बंद करण्याचा विचार ज्यांनी केला त्यांना सोडे वाढण्यात येऊ नयेत. काकांनी अनुमोदन दिलं. बाबांनी धोरणाचा मुद्दा पुन्हा काढला, पण तो सोड्यांच्या खिचडीसमोर काढला, आणि धोरण गार झालं. मामाने विचारलं, "पण यात करिअर काय?" त्याला खिचडीचा फोटो पाठवण्यात आला.

आईने खरी अडचण मांडली. रविवारी सकाळी संस्कृतची शिकवणी, त्याच वेळेला लाओशीबाई. एकाच मुलीला एकाच तासाला दोन ठिकाणी बसवता येत नाही. बाबांनी वेळापत्रकाची उपसमिती सुचवली. मुलीने मोबाइल पुढे केला: लाओशीबाईंशी तिने आठ दिवसांपूर्वीच बोलून घेतलं होतं. शुक्रवारी संध्याकाळी सात ते आठ, शनिवारी दुपारी चार ते पाच, युनिट टेस्टच्या आठवड्यात सुट्टी, आणि तिसरी पायरी पुढच्या वर्षी. बाबांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. एवढा सुबक प्रस्ताव त्यांच्या कार्यालयात कधी पटलावर आला नव्हता. दिवाळीपर्यंत चालू, त्यानंतर फेरआढावा, अशा अटीवर ठराव मंजूर झाला. ज्याची आधीच अंमलबजावणी सुरू आहे त्याला मंजुरी द्यायचा बाबांना वीस वर्षांचा सराव आहे.

उरले आयत्या वेळचे विषय. धाकटा उभा राहिला. पाचवीत गेल्यावर मला कोरियन लावा, तो म्हणाला. वर्गातल्या दोघांनी लावली आहे, आणि कोरियन धोरणात आहे, बाबांनीच सांगितलं होतं.

मामाने मोबाइलवर डोक्याला हात लावला. काकांनी कोरियाच्या कोणकोणत्या बोटी शेव्याला लागतात ते बोटांवर मोजायला घेतलं. तिकडे होड्यांवरची यंत्रं बनतात का, एवढंच आजीने विचारलं. बाबांनी नव्या पाठकोऱ्या कागदावर 'विषय क्रमांक १' लिहिलं, आणि आईने त्यांच्या हातातलं पेन काढून घेत धाकट्याला विचारलं, "महिन्याचे किती, आणि पहिला महिना फुकट आहे का?"